खतिजाचा डिझेल पंप

मुदस्सिरचाचा चहा बशीत ओतायचे, निववायचे, परत कपात ओतायचे आणि मग प्यायचे. सरळ बशीतूनच का पीत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बरं दिसत नाय."

गाडी बंद केली की लगेच उतरायचे नाहीत. इंजिन पुरतं गप्प झालं की मग दार उघडायचे.

कुणाचं साधं पेन घेतलं तरी "घेतो हां" म्हणायचे. परत करताना "दिलं हां".

फोनवर उभं राहूनच बोलायचे. बायकोशी बोलतानासुद्धा.

मांजर आडवं आलं तर गाडी थांबवायचे. मागच्यानं हॉर्न दिला की खिडकीतून हात काढून त्यालाच "यल्ला, यल्ला" करायचे, जसा काही उशीर तो करतोय.

दुपारी आडवे होताना चपला दाराबाहेर ठेवायचे नाहीत. खाटेला लागून ठेवायचे. हाक आली की पाय थेट चपलांत गेले पाहिजेत.

दाढी शुक्रवारी. एरवी नाही.

सध्या एवढंच आठवतं. त्यांना जाऊन थोडे दिवस झालेत आणि माझं डोकं नीट चालत नाही.

मी उदगीरचा. मराठी घेऊन एम.ए. झालो, कुठं चिकटता येतं का ते पाहिलं, नाही जमलं, आणि २००२ साली दोह्याला आलो. शहराबाहेर कारखान्यांचा आणि गॅरेजांचा मोठा भाग आहे. त्याला सगळे सनाया म्हणतात. तिथं ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात मी कारकून आहे.

चाचा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी बहिणीशी, कोमलशी, फोनवर बोलत होतो. ते काउंटरपाशी उभे राहून ऐकत होते. मी फोन ठेवला.

"मराठी काय?"

"हो."

"गाव?"

"उदगीर."

"ते कुठं आलं?"

"लातूरच्या पुढं."

"म्हणजे समुद्र नाय."

"नाही."

"मग काय हाय?"

"काही नाही," मी म्हणालो. ते हसले. मग शिक्षण विचारलं. मराठीत एम.ए. म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मराठी बोलाया एम.ए. लागतं तुमच्याकडं?"

तेव्हापासून मी मास्तर झालो. ते रत्नागिरीकडचे, जयगडच्या खाडीवरच्या गावचे. आडनाव नाखवा. घरच्या पिढ्या गलबतांवर गेल्या, आणि हे वाळवंटात टँकर चालवायला आले. दोह्याच्याच मुऐदर भागात एका अरबाबकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते. मालकाला इथं अरबाब म्हणतात. त्याच्या बंगल्यामागं गाड्यांची शेड होती आणि शेडला लागून चाचांची खोली. गावी बायको रबिया आणि मुलगी अफशां.

त्या दिवशी ते डिझेल पंपाचे एलिमेंट मागायला आले होते. डिझेल पंप हा इंजिनला लावलेला भाग. तो प्रत्येक सिलिंडरला मोजून तेल पोचवतो. तो गेला की बाकीचं इंजिन धड असूनही चालत नाही. एलिमेंट म्हणजे त्या पंपात बसणाऱ्या, बोटाएवढ्या दांड्या आणि त्यांच्या नळ्या. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. मी विचारलं, अरबाबच्या गाडीसाठी का?

"नाय. एका बाईचा पंप हाय. द्यायचा राहिलाय."

"कुठं असते?"

"सुआकिनला."

"ते कुठं आलं?"

"आता तू विचार," ते म्हणाले. "लाल समुद्रावर. सुदानात. जेद्दाच्या समोर."

पुढची गोष्ट मी त्यांच्या खोलीत ऐकली, अनेक शुक्रवारी मिळून. ते शेरी माशाचं सालन करायचे, मी भात लावायचो. गोष्ट कधी सलग सांगितली नाही. मधेच उठून भांडी घासायला घ्यायचे.

अरबाबला ससाण्यांचा नाद. थंडीत ससाणे घेऊन शिकारीला जायचं, हा इथल्या मोठ्या लोकांचा जुना रिवाज. मालक विमानानं जातो. गाड्या, तंबू, भांडी, पाणी हे सगळं आधी ड्रायव्हरांनी रस्त्यानं न्यायचं. १९९८ च्या नोव्हेंबरात चाचा असे निघाले. सलवाची सीमा, मग सौदी अरेबिया या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेद्दाला गाड्यांसकट बोटीत, आणि पलीकडे सुआकिन. चाचांकडे पाण्याचा टँकर होता, जुनी मर्सिडीझ.

शिकार झाली. परतताना टँकर काळा धूर टाकायला लागला, मग ओढ गेली, मग सुआकिनच्या अलीकडे तो बंदच पडला. वाटेत पिंपातलं डिझेल घेतलं होतं, त्यात पाणी होतं. पंप आतून खलास. दुसऱ्या गाडीनं दोर लावून टँकर बंदरापर्यंत ओढला. बाकीच्या गाड्या बोटीत चढल्या. अरबाब त्याआधीच विमानानं घरी पोचला होता.

"गाडी तिथंच टाकून तुम्ही का नाही आलात?" मी विचारलं.

"कसा येणार? ती माझ्या पासपोर्टात लिहिलेली."

मला समजेना. त्यांनी समजावलं. परदेशात गाडी नेली की तिथला कस्टमवाला ती ड्रायव्हरच्या पासपोर्टावर चढवतो. गाडी बाहेर गेली की शिक्का उतरतो. गाडीशिवाय माणसाला बाहेर सोडत नाहीत, गाडी विकून पळाला असेल म्हणून. टँकर चाचांच्या नावावर चढलेला होता. आणि कतारचा नियम असा, की सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं तर राहण्याचा परवाना, म्हणजे इकामा, बाद होतो. इकामा गेला की नोकरी गेली. पंधरा वर्षांची नोकरी.

"म्हणजे टँकर सोडत नव्हता आणि दोहा थांबत नव्हतं," ते म्हणाले.

अरबाब फोनवर म्हणाला, आठवड्यात पंप पाठवतो, इन्शाल्ला. मग रमजान लागला. रमजाननंतर बोटीनं एक पंप आला तो दुसऱ्याच इंजिनचा. भोकंच जुळेनात. तो परत पाठवला. मग हज आली आणि सगळ्या बोटी यात्रेकरूंनी भरून गेल्या.

सुआकिनचं जुनं गाव एका बेटावर आहे. समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांची घरं, सगळी पडलेली. भिंतीत शिंपले दिसायचे, चाचा सांगत. ढिगाऱ्यांवर घारी आणि खाली मांजरं. माणसं अलीकडच्या किनाऱ्यावर राहतात. मासेवाले, हमाल, बोटीची वाट बघणारे. चाचा टँकरच्या केबिनमध्ये झोपायचे. संध्याकाळी बंदरावर जाऊन बोट लागली का बघायचे. तिथल्या मासेवाल्यांची जाळी विणायची रीत आपल्यासारखीच आहे, हे त्यांनी मला तीन-चारदा सांगितलं. त्यापुढं काही सांगायचे नाहीत. आपल्यासारखीच, एवढंच.

टँकर जिथं उभा होता त्याच्या मागं खतिजाचं अंगण. ती कॉफी विकायची. आलं घातलेली, मातीच्या छोट्या सुरईतून ओतलेली. पण तिचं पोट कॉफीवर चालत नव्हतं, पाण्यावर चालत होतं. अंगणात विहीर होती. विहिरीवर एका मोडक्या बसचं इंजिन आणून बसवलेलं. ते चाललं की पाणी वर यायचं आणि गाढवाच्या गाड्यांवर टाक्या भरून गावात विकायला जायचं. पाणी जरा मचूळ, पण दुसरं नव्हतं.

चाचा रोज खजुरावर जेवण भागवतात, हे तिनं पाहिलं. एक दिवस भाकरी पाठवली. मग अंगणात बोलावलं. चाचांनी फुकट खाल्लं नाही. इंजिन सकाळी चालू करायचं, पट्टा बघायचा, तेल बदलायचं, हे त्यांचं काम झालं. बसचं इंजिनही मर्सिडीझच होतं. त्याचा डिझेल पंप टँकरला बसला असता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिवशीच."

"मग?"

"मग काय? मी रोज त्याला पुसायचो. तोंडात भाकरी तिची."

मार्च गेला, एप्रिल गेला. एका सकाळी खतिजाच त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली.

"ती बोल्ली, तुझ्या गाडीला जे लागतं ते माझ्या इंजिनला हाय, असं बंदरावरचा मिस्त्री सांगतो. खरं काय? मी बोल्लो, खरं. बोल्ली, मग काढत का नाहीस? मी बोल्लो, तुझं पाणी? बोल्ली, पाणी दुसरीकडून गाढवावरून आणीन."

इथं चाचा उठून सालन ढवळून आले. मग म्हणाले, "तिचा माणूस जेद्दाला व्हता ना. कामाला गेला, कागद संपला, आता तिकडं लपून राहतो. आला तर परत जाता येत नाय, म्हणून येत नाय. बोल्ली, माझा माणूस काय गाढवावरून यायचा नाय. तुझ्या बाईचं तरी नीट राहू दे."

त्यांनी पंप काढला. टँकरला लावला. टँकर सुरू झाला आणि विहिरीवरचं इंजिन गप्प झालं. एका महिन्यात दुसरा पाठवतो, असं ते खतिजाला बोलून निघाले. सलवाला पोचले तेव्हा सहा महिने भरायला फार दिवस उरले नव्हते. शिक्का मारणाऱ्यानं तारीख पाहिली, त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मबरूक." अभिनंदन.

तो महिना संपून मी दोह्याला येईपर्यंत तीन वर्षं झाली होती.

टँकर अरबाबनं आल्याआल्या विकून टाकला, त्यावरच्या पंपासकट. विकताना ड्रायव्हरला विचारत नाहीत. चाचांनी भंगारातून दुसरा पंप मिळवला आणि स्वतः दुरुस्त केला. मग तो पाठवणार कसा? खतिजाला फोन नाही. "पत्ता काय लिहू? विहीर?" पुढच्या थंडीत अरबाब आजारी पडला. त्यानंतर शिकारीचे बेत दुसऱ्याच देशांत ठरायला लागले, विमानानं जायचे. चाचा विचारायचे. अरबाब म्हणायचा, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते तितकंसं लक्षात राहत नव्हतं.

दोन वर्षांतून एकदा चाचा गावी जायचे. तिथून रबियाचाची त्यांना कायमचं राहायला सांगायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. डोळे कमी झाले होते. त्यांनाही राहायचंच होतं. पण ते म्हणायचे, तो पंप दिला की खलास, कायमचा येतो. गावी गेल्यावर सुआकिन अजून लांब पडेल, असं त्यांना वाटायचं. ते खरंही होतं. तिकडं जाणाऱ्या गाड्या इथूनच निघतात.

एकदा मी खोलीत असताना रबियाचाचींचा फोन आला. चाचा उभे राहिले. फोनमधून आवाज खोलीभर येत होता.

"दिलात काय तुमच्या बाईला पंप?"

"माझी बाई नाय ती."

"मग माझ्या कानातल्यांचं काय? लग्नात कबूल केलेलं. अफशां कालेजात गेली."

"आणतो गं."

"कानातले नकोत आता. तुमी या. का माझा नवरा त्या बाईच्या विहिरीला बांधून घातलाय?"

"या थंडीत जातो पंप. रहमान नेतोय."

"मास्तर हायत काय तिथं? मास्तर, तुमी शिकलेले. जरा बोला यांना."

मी काय बोलणार? मी म्हणालो, "चाची, या थंडीत जाईल." तिकडून त्या म्हणाल्या, "हे पण त्यांच्यातलेच." आणि फोन ठेवला.

रहमान म्हसळ्याचा. दोह्यातच, मदिनत खलीफात, अरबाबच्या चुलतभावाकडे ड्रायव्हर. २००३ च्या थंडीत त्यांच्या गाड्या सुदानला जाणार होत्या, जुन्याच रस्त्यानं. रहमानची गाडीही जुनी मर्सिडीझच. चाचांनी पंप तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळला, वर पोतं शिवलं आणि रहमानच्या सीटमागं स्वतः बांधून दिला. खतिजाचं अंगण कुठं, हे त्याला वाळूत काढून दाखवलं.

फेब्रुवारीत रहमान परतला. शुक्रवारी नमाजनंतर खोलीत आला. हातात मिठाईचा डबा, खांद्यावर पोतं.

"बसा ना, मुदस्सिरभाई."

"मी माझ्याच खोलीत हाय. तू बस."

रहमान बसला. डबा माझ्याकडे सरकवला. पोतं पायाशी ठेवलं.

"खतिजा भेटली?"

"जाताना आमचा शेख थांबू देईना. बोटीतून उतरलो ते सरळ पुढं. मी बोल्लो, येताना देऊ."

"बरं. मग येताना?"

रहमाननं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "आत वाळवंटात माझ्या गाडीचा पंप गेला. तेल खराब. शेख उन्हात, त्याची पोरं उन्हात. दुसरी गाडी दिसेना."

"बसवलास."

"बसवला. काय सांगू, मुदस्सिरभाई, लय भारी चालला. धूर नाय, काय नाय. जेद्दापासून इथपर्यंत एकदा पण कुरकुरला नाय."

मी डब्याचं झाकण उघडलं आणि बंद केलं.

"टायमिंग किती ठेवलंस?" चाचांनी विचारलं.

रहमाननं सांगितलं.

"जरा मागं घ्यायला पायजे व्हतं. चढाला जड गेली असेल."

"गेली खरी थोडी."

"काढून देशील?"

"ती गाडी बाजारात गेली कालच. नवीन येतायत." रहमाननं पायानं पोतं पुढं ढकललं. "माझा जुना आणलाय. बॉडी चांगली हाय. आतलं सगळं गेलंय."

तो गेल्यावर मी म्हणालो, "तुम्ही त्याला काहीच बोलला नाहीत."

"काय बोलू? मी पण तेच केलं."

"तुम्ही विचारून घेतला होता."

"मी विचारायच्या आधी तीच उभी राहिली म्हणून. नायतर?" त्यांनी पोत्याची शिवण उसवली, पंप बाहेर काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. "बॉडी चांगली हाय," ते म्हणाले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात राग नव्हता. दिवसभर गाडी हाकून आलेला माणूस बोलतो तसा तो होता.

त्यानंतर ओशेक भेटला. उंटांच्या बाजारात राखणीला होता, सुआकिनच्याच बाजूचा. चाचा अरबाबच्या उंटांसाठी चारा आणायला जायचे, तिथं ओळख झाली. २००४ च्या शेवटी तो सुट्टीवर गेला आणि परत आला तेव्हा आम्ही त्याला भेटायला गेलो. चाचा त्याच्याशी अरबीत बोलत होते. मला थोडं कळत होतं, थोडं ते सांगत होते.

खतिजा आहे. कॉफी विकते. विहिरीवरच्या इंजिनवर पोतं टाकलेलं आहे. बादलीनं काढते तेवढं पाणी तिच्या कॉफीला पुरतं. पाणी विकण्याचं काम पलीकडच्या माणसाकडं गेलं, त्यानं नवीन इंजिन आणलं. पण तिच्या विहिरीचं पाणी त्याच्यापेक्षा बरं आहे, लोक अजून विचारतात.

"माझ्याबद्दल काही बोल्ली?"

ओशेक म्हणाला, "तिनं विचारलं, तो हिंदी माणूस घरी पोचला का? मी सांगितलं, पोचला."

चाचांनी मला सांगितलं आणि म्हणाले, "घरी कुठं पोचलो? दोह्याला पोचलो."

ओशेकचा बाप आजारी होता. २००५ च्या ऑगस्टात तो कायमचा परत जाणार होता, विमानानं. तो म्हणाला, कपडे टाकतो, पण पंप नेतो. मी स्वतः तिच्या हातात देईन. मी ड्रायव्हर नाही, मला वाटेत कुठं लावता यायचा नाही. यावर चाचा बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं हसले.

तो सगळा उन्हाळा त्यांनी रहमाननं आणलेल्या बॉडीवर घालवला. अरबाब कुटुंबासकट परदेशी गेला होता, पण गाड्या धुऊन पुसून ठेवाव्याच लागायच्या. ती कामं आटोपून, ऊन उतरलं की ते शेडमध्ये बसायचे. शेड पत्र्याची. संध्याकाळीही लोखंडाला हात लावता यायचा नाही. मी पंखा धरून बसायचो. पंख्याचा वारा पंपावर आला की ते ओरडायचे, धूळ जाते म्हणून. म्हणून तो फक्त माझ्याच तोंडावर असायचा.

एलिमेंट आमच्या दुकानातून यायचे. काही बसले. काही बसले नाहीत, ते मी परत नेले. या मापाचा माल आता कमी येतो, जुनी इंजिनं संपत आली. शेवटचे दोन दुबईहून मागवावे लागले. ते वेळेवर आले नाहीत. ओशेकचं तिकीट शुक्रवारचं होतं. मी रोज दुबईला फोन करत होतो. दुकानाचा मालक म्हणाला, हे कुठलं मोठं गिऱ्हाईक? मी म्हणालो, आहे.

त्या दिवसांत चाचा थकलेले दिसत. मी म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, हा पंप जाऊ दे, मग डॉक्टर तिकडचाच बघीन, रत्नागिरीचा. बॅग भरायला सुरुवात केली होती. त्यांनी अरबाबला फोन करून सांगितलंही होतं, की आता परत जातो. अरबाब म्हणाला, आल्यावर बोलू. नाही म्हणाला नाही.

मंगळवारी एलिमेंट आले. मी ते मुऐदरला नेऊन दिले. त्यांनी कागद उघडला, एक दांडी तिच्या नळीत सोडून बघितली. ती आपल्या वजनानं हळूहळू खाली गेली. त्यांनी मान हलवली.

"आज बसवता?"

"आज डोळे नाय चालत. उद्या आसरची नमाज झाली की बसतो. दोनच राहिलेत. परवा जरा फिरवून बघू, मग तुझा ओशेक."

"माझा नाही, तुमचा."

"बरं, खतिजाचा," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी ते जेवून आडवे झाले. आसरच्या नमाजला उठले नाहीत. बंगल्याच्या स्वयंपाक्यानं हाक मारली, मग हात लावला. त्यानं रहमानला फोन केला. रहमाननं मला. मी पोचलो तेव्हा खोलीत चार-पाच माणसं उभी होती. ते कुशीवर झोपल्यासारखे होते. मी दाराशी थांबलो. आत जाऊन काय करायचं ते मला सुचेना. अजून सुचत नाही.

रबियाचाचींना रहमाननं कळवलं. मग त्यांनी माझ्याशी बोलायला मागितलं. मला वाटलं, रडतील. त्यांचा आवाज कोरडा होता.

"मास्तर, इकडं आणायला दिवस जातील. तिकडंच माती द्या."

"हो, चाची."

"तो पंप गेला काय?"

"नाही. दोन भाग बसवायचे राहिलेत."

मागं अफशांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "उद्यावर टाकला असेल."

"हो."

"सगळं उद्यावर," त्या म्हणाल्या, आणि फोन अफशांनं घेतला.

गुरुवारी अबू हमूरच्या कब्रस्तानात दफन झालं. मी बाजूला उभा होतो. रहमाननं मला पुढं ओढलं आणि मूठभर वाळू हातात दिली. ओशेकही आला होता, उंटांच्या बाजारातले आणखी काही सुदानी घेऊन.

शुक्रवारी सकाळी ओशेक मुऐदरला आला. विमानाला वेळ होता. बॅगेत पंपाएवढी जागा ठेवली होती. रहमानही आला होता. आम्ही तिघं शेडमध्ये गेलो. रहमाननं पंप पाहिला. तो चाकं बदलतो, पट्टे बदलतो, आहे तो पंप उचलून लावतो. पंपाच्या आतलं त्याला येत नाही. म्हणाला, बसवता येतील कदाचित, पण प्रत्येकाचं तेल सारखं पडायला पाहिजे, ते मुदस्सिरभाईंनाच जमायचं. ओशेकनं विचारलं, असाच नेऊ का, तिकडं कोणी बसवेल? रहमान म्हणाला, कोण बसवणार? मी दोघांच्या मध्ये उभा होतो.

ओशेकनं पंप दोन्ही हातांनी उचलला, थोडा वेळ धरला आणि होता तिथंच ठेवला. मग तो गेला.

पंप अजून शेडमध्ये, बाकावर आहे. बाजूची पट्टी उघडी आहे. चार एलिमेंट बसवलेले, दोन खाचा मोकळ्या. उरलेले दोन शेजारी, दुबईच्या कागदात. त्यांच्या स्प्रिंगा आणि पट्टीचे स्क्रू एका वाटीत, डिझेलमध्ये बुडवून ठेवलेत.